हॅस्किन सत्तावीस, डनमोर दहा

ऐक ना. मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. शेवटी तुलाच विचारणार आहे.

मंगळवारची सकाळ, मार्सीचं हॉटेल, आणि लोरेन दार ढकलून आत आली तशी सगळ्यांची बोलणी थांबली. चमचेसुद्धा वाजायचे थांबले. खिडकीजवळच्या लांब टेबलावर नेहमीची मंडळी बसलेली. मक्याची कापणी उरकलेली, कुणाला घाई नाही, टोप्या डोक्यावर तशाच. आणि टोकाला लोरेनचा नवरा गेलन, कपात बघत बसलेला.

"आली बघा माहेरवाशीण," मार्सी काउंटरमागून म्हणाली. "कॉफी माझी चालेल, की तीही हॅस्किनहून मागवू?"

"तुझीच दे," लोरेन म्हणाली. "तिकडची पातळ असते."

"हे छाप की गुरुवारी," टेबलावरचा एक म्हातारा म्हणाला. "तिकडचं काहीतरी वाईट असतं हे तुझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकतोय."

सगळे हसले. गेलनही हसला, पण कसं, तर पंगतीत सगळे हसले म्हणून आपणही हसावं, तसं.

"गेलन, लेका, यंदा कितीने हरतोय आपण? तुला घरात आधी कळत असेल."

"मलाही गुरुवारीच कळतं," गेलन म्हणाला. "विकत घेतो मी पेपर. तुझ्यासारखा मार्सीचा फुकट नाही वाचत."

परत हसणं. लोरेनने कॉफी उभ्याउभ्याच संपवली आणि निघाली.

तर ही लोरेन हॅवरकँप. डनमोरच्या साप्ताहिकात जन्म काढलेली. गावसभेच्या बैठका, मयतांच्या बातम्या, जत्रेत कुणाचा भोपळा किती भरला, सगळं तीच लिहिते आणि कुणी वाचत नाही. पण नोव्हेंबरातला एक आठवडा असा असतो की गाव तिच्याशिवाय दुसरं काही वाचत नाही. डनमोर कॉलेज विरुद्ध हॅस्किन कॉलेज, अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन समोरच्याला धडकत पळायचा तो. नदीच्या अलीकडे आपण, पलीकडे ते, दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये, एकाच गटात, म्हणजे दरवर्षी गाठ ठरलेली. बाकी सगळ्या मॅच हरलात तरी गाव तुम्हाला जेवायला बोलावेल, ही हरलात की नाही. आणि जिंकणाऱ्याला मिळतं काय, तर एक जुना लोखंडी हातपंप, जो आता कुठल्याच विहिरीवर बसत नाही. तो वर्षभर आपल्याकडे हवा, बस.

त्या मॅचच्या आधीच्या गुरुवारी लोरेन लिहिते की मॅच कशी होईल. कोण पळेल, कोण पडेल, वारा कुठून येईल. आणि अगदी शेवटी एक ओळ, नुसता आकडा. तो आकडा दरवर्षी हॅस्किनच्या बाजूने. त्यात तिचं माहेर हॅस्किन. मग काय विचारतेस. लग्न होऊन इथे आली, मुलं इथे वाढवली, सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं हिनेच केलं, पण गाव म्हणतं, नदी ओलांडली तरी ओढ काही सुटली नाही. आपण जिंकलो तर पोरांनी तिला खोटं पाडलं. हरलो तर तिची दृष्ट लागली. दोन्हीकडून तीच.

आता खरी गोष्ट ऐक. हे करायला तिला सांगितलं होतं डनमोरच्याच कोचने.

खूप जुनं आहे. कोच स्टोल्ट तेव्हा तरुण, हॅस्किनकडून हरून हरून नोकरी जायच्या बेतात. एका सोमवारी तो लोरेनच्या ऑफिसात आला आणि दार लावून घेतलं.

"लोरेन, यंदा काय लिहितेयस?"

"जिंकाल असं. मला तसंच दिसतंय."

"ते लिहू नकोस." तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. "माझी पोरं भली आहेत गं. शेतकऱ्यांची पोरं. मागून कुणी येत असेल तर दार धरून उभी राहतात. मी ओरडलो की 'हो सर' म्हणतात. राग म्हणून येतच नाही त्यांना. तो बाहेरून यायला हवा. आणि तू आहेस तिकडची."

"म्हणजे मी वाईट लिहू?"

"एकाचं नाव घेऊन लिही. ड्वेन ओल्थॉफ. अंगाने बैल आहे, पण समोरच्याला लागेल म्हणून जपून धडकतो."

लोरेनने लिहिलं. ड्वेन ओल्थॉफ पळायला लागला की मक्याने भरलेली ट्रॉली चढावर निघाल्यासारखी वाटते, शहाण्याने ओव्हरटेक करून पुढे जावं, असं काहीतरी. आणि खाली आकडा, हॅस्किनच्या बाजूने.

त्या शनिवारी ड्वेन ओल्थॉफ कुणालाच जपून धडकला नाही. हॅस्किनची पोरं अक्षरशः बाजूला उडत होती. हातपंप गावात आला, वाजतगाजत आला, मार्सीच्या काउंटरवर ठेवून त्याला दालचिनीचा रोल भरवला लोकांनी.

आता एकदा गुण आला म्हटल्यावर औषध कोण बदलतं? पुढच्या नोव्हेंबरात कोच परत आला, दुसऱ्या पोराचं नाव घेऊन. त्याच्या पुढच्याही. कधी लागू पडलं, कधी नाही, पण बंद करायची दोघांचीही छाती होईना. आणि अट एकच, हे दोघांतच राहायचं.

"गेलनला सांगू?" लोरेनने तेव्हा विचारलं होतं.

"गेलनला तर मुळीच नको," कोच म्हणाला. ते खरंच होतं. गेलन सोन्यासारखा माणूस, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्यात पुढे मैदानातल्या बाकावर त्याच्या शेजारची जागा कुणाची झाली, तर ड्वेन ओल्थॉफची. "मी ज्या दिवशी हे सोडेन ना, त्या दिवशी मी स्वतः मैदानात उभा राहून सांगेन. सगळ्या गावाला. शब्द देतो."

आणि कोच यंदा सोडत होता. हीच शेवटची मॅच. मॅच झाली की तिथेच सत्कार, माइक त्याच्या हातात.

आता कळलं ना लोरेन मार्सीकडे कॉफी पिऊन शांतपणे का निघाली? तिला वाटत होतं, चारच तर दिवस.

मंगळवारी दुपारी कोच आलाच. दोन्ही गुडघे बदललेले, जिना चढून आला तो आधी दम खात उभा राहिला.

"कॅलेब रूस," तो म्हणाला.

"तुमचा क्वार्टरबॅक? सगळा खेळ ज्याच्या हातून चालतो, त्याला कशाला? कोच, यंदा गरजच नाही. त्यांची डावी बाजू कच्ची आहे, त्यांचा पोरगा वाऱ्यात बॉल फेकायला घाबरतो, आणि शनिवारी नदीवरून वारा आहे. तुम्ही आरामात जिंकताय."

"ते मलाही दिसतंय. पण कॅलेबला दिसत नाहीये. त्याला वाटतं तो चुकून टीममध्ये आलाय. एवढं शेवटचं लिही."

"आणि मग शनिवारी?"

"मग शनिवारी मी सांगणार. म्हातारा झालोय, विसरलेलो नाही."

तो गेल्यावर लोरेन खिडकीशी उभी राहिली. समोरच्या फुटपाथवर मार्सी पाटीवर खडूने जेवणाचे पदार्थ लिहीत होती. लोरेनला शनिवारची मार्सी दिसली, तोंड उघडं राहिलेली. लांब टेबलावरची मंडळी दिसली. पण सगळ्यात जास्त गेलन दिसला. त्याचा चेहरा कसा होईल ते तिने दोनतीनदा मनात करून पाहिलं.

बुधवारी सकाळी ती ड्वेनच्या दुकानात गेली. कोचवर लिहायचं, तर जुन्या खेळाडूच्या दोन ओळी नकोत का? टायरचं दुकान आहे त्याचं, हायवेला लागताना. दुकानाचं नाव माहितेय काय? 'भरलेली ट्रॉली टायर्स'. पाटीवर मक्याची कणसं काढलेली. अख्खं गाव त्याला ट्रॉलीच म्हणतं, बायको पण म्हणायची, होती तोवर.

"या हॅवरकँपबाई," ड्वेन गाडीखालूनच म्हणाला. "टायर बदलायचेत, की माझा अपमान करायचाय?"

"अपमान तुझा करून झालाय. कोचच्या शेवटच्या मॅचवर दोन ओळी दे."

तो बाहेर आला, हात पुसले, डावा पाय लांब करून स्टुलावर बसला. तो गुडघा वाकत नाही आता.

"लिहा. कोच देवमाणूस आहे. त्याने आम्हाला माणसं केलं. झालं?"

"झालं."

"आता खरं सांगू? हे लिहू नका." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "त्या दिवशी मला कोचने नाही पळवलं. तुम्ही पळवलंत."

लोरेनने वही मिटली.

"बसमध्ये कोचने मला उभं केलं आणि तुमचं ते वाचायला लावलं. मोठ्याने. ट्रॉलीचं. पोरं खाली बघत होती. मला वाटलं, ही बाई मला ओळखत नाही, कधी बोलली नाही माझ्याशी, आणि हिला एवढी खात्री? आई तर रडली होती. पेपर शेगडीत घातला तिने. तुम्हाला काय काय शिव्या दिल्यात मी मनात, तुम्हाला नाही सांगत, तुम्ही चर्चला जाता."

"जाते कधीमधी."

"मग तर नकोच." तो हसला. "नंतर बघा, गुडघा गेला. बापाचं शेत गेलं. बायको गेली, शेली, कुत्रा पण घेऊन गेली, कुत्रा माझा होता खरं म्हणजे. पण कुणी म्हणालं ना, ड्वेन तुझ्याच्याने नाही व्हायचं, की मला ती दुपार आठवते. एका बाईला माझ्याबद्दल पक्की खात्री होती आणि मी तिला खोटं पाडलं. कुणी मदत नाही केली, कुणी मुद्दाम जिंकू दिलं नाही. मी पाडलं. माझं असं एवढंच आहे हो. पण ते आहे."

लोरेनच्या अगदी ओठावर आलं होतं. मला नव्हती खात्री, ड्वेन. मला वाटत होतं तू जिंकशील. एवढंच वाक्य. चांगलं वाक्य आहे ना? आणि ते बोललं असतं तर त्या माणसाचं काय उरलं असतं, सांग.

"आणि तुमच्यावर राग नाही हां आता," ड्वेन उठता उठता म्हणाला. "उलट दुकानाला नाव मिळालं. पुढचा डावा टायर गुळगुळीत झालाय तुमचा, शनिवारनंतर आणा. त्याआधी नाही बदलणार. हॅस्किनच्या माणसांची कामं मी या आठवड्यात घेत नाही."

लोरेन गाडीत जाऊन बसली. चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. ड्वेनने आतून दोनदा बघितलं, हिची बॅटरी गेली की काय.

दुपारी गेलन ऑफिसात आला, डबा घेऊन. डुकराच्या मांसाचं मोठं सँडविच, अर्धं तिचं, अर्धं त्याचं. तो धान्याच्या गोदामावर काम करायचा, निवृत्त झाल्यापासून बुधवारचा डबा त्याच्याकडे, कारण बुधवारी संध्याकाळी अंक छापायला जातो आणि हिला उठायला वेळ नसतो. त्याने कागद उलगडला, तिच्यापुढे अर्धं ठेवलं, आणि खाल्लंच नाही.

"काय झालं?"

"काही नाही." मग थोड्या वेळाने, "मी तुला कधी काही म्हटलं नाही ना, लोरेन? त्या लिहिण्यावरून?"

"नाही म्हटलंस."

"लोकांना म्हणू दिलं. तुझं काम आहे ते. तुला जे दिसतं ते तू लिहितेस." तो खारवलेल्या काकडीची चकती बोटाने कागदावर इकडून तिकडे सरकवत होता. "पण यंदा कोच चाललाय. एकदा आपल्या बाजूने लिही ना. खोटं असलं तरी चालेल."

खोटं असलं तरी चालेल. ऐकलंस? आणि समोर बसलेल्या बाईच्या मते डनमोर आरामात जिंकणार होतं. खरं लिहिलं असतं तरी नवरा खूश झाला असता, आणि त्याला वाटलं असतं ही माझ्यासाठी खोटं बोलली.

"बघते," लोरेन म्हणाली.

गेलनने मान हलवली, आपलं अर्धं सँडविच परत गुंडाळलं आणि गेला. जिना उतरताना शिटी वाजवत होता. बघते म्हणाली ना ती. तेवढं पुरलं त्याला.

मग लोरेनने कोचला फोन केला.

"शनिवारी काही बोलू नका."

पलीकडे मैदानावरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. "का?"

"ड्वेनकडे गेले होते."

शिट्ट्या बारीक झाल्या, कोच फोन घेऊन बाजूला गेला. त्याला बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांत ज्यांची ज्यांची नावं त्याने जिना चढून आणून दिली होती, ती सगळी पोरं आता कुठे ना कुठे मोठी होऊन बसली असतील, आपापली दुपार घेऊन.

"लोरेन, गाव तुझ्याबद्दल काय बोलतं माहितेय ना तुला?"

"माहीत नसायला काय झालं? बातमीदार आहे मी गावची."

"शब्द दिला होता मी."

"मग मी तो परत करतेय. ठेवते फोन, अंक जायचाय."

आणि तिने लिहिलं. वाऱ्याचं लिहिलं, पण उलटं करून. हॅस्किनच्या डाव्या बाजूचा विषयच काढला नाही. आणि कॅलेबवर लिहिलं की, कॅलेब रूस हातात बॉल असा धरतो, जसं काही कुणीतरी दुसऱ्याचं बाळ त्याच्याकडे सोपवून निघून गेलंय आणि ते कधी परत घेतील याची तो वाट बघतोय. लिहून झाल्यावर तिला स्वतःलाच ते आवडलं, आणि आवडलं याचं वाईट वाटलं. खाली आकडा. हॅस्किन सत्तावीस, डनमोर दहा.

गुरुवारी सकाळी गेलनने पेट्रोल पंपावर पेपर विकत घेतला, तिथेच उभा राहून वाचला, घडी घालून काखेत धरला. मार्सीकडे गेला नाही. घरी येऊन अंगणातली पानं गोळा करत बसला. पानं रविवारीच गोळा केलेली होती, अंगणात काही नव्हतं. लोरेनला स्वयंपाकघरातून सगळं दिसत होतं.

"लिहिलंस ते वाचलं," जेवताना तो म्हणाला. "बाळाचं चांगलं आहे."

बास. यापुढे एक शब्द नाही.

शनिवारी वारा सुटला, लोरेनने मंगळवारीच सांगितला होता तसाच, नदीवरून. मॅचचं काय सांगू, पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. हॅस्किनचा पोरगा बॉल फेकायला हात वर करायचा आणि वारा बघून परत खाली घ्यायचा. आणि आपला कॅलेब, तो शांत, चुकून आलेला कॅलेब, दातओठ खाऊन खेळत होता. एकदा तर समोर दोघं होते, सरळ त्यांच्यामधून घुसला. एकतीस-तेरा. आपण एकतीस.

जिंकल्यावर पोरं काय करतात माहितेय, कुंपणाशी लोरेन उभी असते तिच्यासमोर जाऊन तिचाच आकडा ओरडतात. रिवाजच पडलाय. "सत्तावीस-दहा, सत्तावीस-दहा," आणि मागून सगळं मैदान. ड्वेन ओल्थॉफ बाकावर उभा राहून ओरडत होता, न वाकणाऱ्या गुडघ्यासकट, सगळ्यांत मोठ्याने, अजूनही तोच जिंकल्यासारखा. त्याच्या शेजारी गेलन बसून होता, मांडीवर हात ठेवून.

मग कॅलेब पुढे आला. हेल्मेट काढलेलं, तोंडाला चिखल. त्याने बॉल दोन्ही हातांवर आडवा घेतला, बाळासारखा, आणि लोरेनकडे बघत बघत झुलवला. लोक हसून हसून वेडे झाले. पण तो हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते, आणि तो तिच्याकडे असा बघत होता, की बघ, माझं आहे हे. लोरेनने फक्त मान हलवली. हरलेल्या माणसाने हलवावी तशी.

मग सत्कार. कोचच्या हातात माइक आला. बायकोचे आभार मानले, पोरांचे, गावाचे. मग थांबला. "आणि अजून एक माणूस आहे," तो म्हणाला, आणि कुंपणाकडे बघितलं. लोरेनने मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. कोच माइक धरून तसाच उभा. वाऱ्याचा घरघर आवाज सगळ्या मैदानात.

"आपला बस ड्रायव्हर, हॅरल्ड," कोच म्हणाला.

टाळ्या. हॅरल्डला कुणी याआधी टाळ्या दिल्या नव्हत्या, तो बिचारा गडबडून उभा राहिला.

लोरेन पार्किंगमध्ये आली तेव्हा गेलन आधीच गाडीत बसला होता. हीटर लावून ठेवलेला. तिचे हातमोजे हीटरच्या झरोक्यावर पसरून ठेवलेले, गरम व्हायला. सकाळी ती ते गाडीतच विसरली होती. तिने ते घातले. गेलनने गाडी हलवली नाही, कारण ड्वेन त्यांच्याबरोबरच यायचा होता, आणि तो काचेतून लांबून येताना दिसत होता, लंगडत, दहा जणांशी हात मिळवत.

"लोरेन," गेलन समोर बघतच म्हणाला, "एक विचारू? आजवर विचारलं नाही. तुला खरंच वाटत होतं आपण हरू?"

हातमोजे गरम होते. ड्वेन आता दोन गाड्यांच्या अंतरावर येऊन पोचला होता, हात वर करून हसत होता, आणि त्याच्यासाठी मागचं दार उघडंच ठेवलेलं होतं.

तर सांग. तू असतीस तिच्या जागी, तर काय म्हणाली असतीस?